मॅडम, फोन तुमचाच आहे

पत्र चार पानी आहे, थोडक्यात देते. लिहिणाऱ्या बाई नाशिकला गंगापूर रोडला राहतात, वय ५१, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतात. मुलगा दहा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या शेजारी बसून टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्त्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई, बघायला लागल्या. मुलगा आता बंगळुरूला नोकरीला आहे आणि त्याचं बघणं केव्हाच सुटलं. बाईंचं सुटलं नाही. दर मंगळवारी पहाटे साडेपाचला हॉलमधला टीव्ही आवाज बंद करून लागतो. नवरा म्हणतो, "या वयात शोभतं का हे?" ऐंशीचे सासरे तरुणपणी तालमीत घुमलेले. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर उघडून बसतात आणि मधूनच "नुरा आहे सगळी", म्हणजे आधी ठरवून धरलेली कुस्ती, असं पुटपुटतात. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तू अजून बघतेस?"

आणि मग हे: "ताई, अकरावीच्या वर्गात स्मार्ट बोर्डला फोन जोडून तुकोबांचा अभंग दाखवत होते. मधेच वर पट्टी आली, रोमन रेन्सबद्दल कसलीशी बातमी. वर्ग हसला. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने तर्जनी वर केली. मला त्याचा अर्थ कळला, म्हणून जास्तच लाज वाटली. मी म्हणाले, 'मुलाचा फोन आहे.' त्या दिवसापासून स्वतःचाच राग येतोय. आधीच लिहून ठेवलेली मारामारी बघून माझ्यासारख्या बाईला आनंद का व्हावा? सोडून देऊ का हे?"

बाई, आधी त्या बोटाचं सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते कळलं नसेल. रोमन रेन्स रिंगमध्ये आला की तर्जनी आकाशाकडे धरतो आणि स्टेडियमभर हजारो बोटं तशीच वर जातात. तुमच्या वर्गातल्या पोराने तुम्हाला ओळख दिली हो. तुकोबांच्या तासाला शेवटच्या बाकावर बसणाऱ्या त्या मुलाला पहिल्यांदाच वाटलं असेल की या मॅडमशी आपलं काही बोलणं होऊ शकतं. आणि तुम्ही त्याला मुलाचा फोन दाखवलात.

पत्र मी तीनदा वाचलं. खोटं म्हणावं असं त्यात एकच वाक्य सापडलं, आणि ते रिंगमधलं कुणी बोललेलं नाही.

सासऱ्यांचं "नुरा" बघू. हा शब्द ते सहज टाकत नसणार. ज्याने पहाटे हौदातली माती उकरली, त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडताना पाहिलं, जोर-बैठकांनी अंग मोडून घेतलं, त्याच्या तोंडी नुरा ही शिवी असते. यात्रेच्या मैदानात लोक रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून ऊन खात बसलेले असतात, शेवटच्या इनामी कुस्तीची वाट बघत. आणि दोन नामांकित गडी आदल्या रात्रीच ठरवून आलेले असतात की अर्धा तास नुसती गर्दनखेच करायची, पंचांनी बरोबरीत सोडवली की इनाम वाटून घ्यायचं. लोकांना वाटतंय निकाली होणार, या दोघांना ठाऊक आहे होणार नाही. मैदानातून ढेकळं आली तरी कमीच.

पण नुरा व्हायला फसणारं कुणीतरी लागतं. मंगळवारी पहाटे तुमच्या हॉलमध्ये तसं कोण आहे?

ह्या मंडळींनी तर सरकारदरबारी कबुली देऊन ठेवली आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईनेच, सांगून टाकलं की आमचा हा खेळ नव्हे, करमणूक आहे. काही साक्षात्कार झाला होता असं समजू नका. खेळ म्हटला की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आली, त्यामागे कर आला. करमणूक म्हटलं की दोन्ही टळतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही म्हण अमेरिकेतही चालते म्हणायची.

त्याआधी मात्र हे सोंग जिवापाड सांभाळलं जायचं. मे १९८७ मध्ये त्याच न्यू जर्सीत हमरस्त्यावर पोलिसांनी एक गाडी अडवली. आत 'हॅक्सॉ' जिम डुगन आणि आयर्न शेख. रिंगमध्ये एक अमेरिकेचा झेंडा नाचवणारा देशभक्त, दुसरा इराणी खलनायक, दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. गाडीत शेजारी शेजारी, बरोबर अमली पदार्थ. कंपनीने दोघांनाही काढलं. अमली पदार्थ हा गुन्हा होताच, पण धंद्यात बोभाटा झाला तो दोघं एका गाडीत सापडले याचा. सोंग सांभाळण्याला त्यांच्या बोलीत 'केफेब' म्हणतात.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला पेठकडचा बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, आठवला. पंधराएक वर्षं झाली असतील. उन्हाळ्यातली रात्र, टेंभ्यांचा उजेड, संबळ आणि पिपाणी. एकेक सोंग यायचं, नाचायचं, जायचं. पहाटेच्या सुमाराला देवी आणि महिषासुराची जुंपली. माझ्या शेजारी एक म्हातारी हात जोडून बसली होती आणि तिचे हात खरोखर थरथरत होते. सोंगं संपल्यावर मी पाणी शोधत मागच्या अंगाला गेले. चुलीपाशी महिषासुर मुखवटा मांडीवर ठेवून चहा पीत होता, आणि देवी, म्हणजे मिशा असलेला एक बाप्या, त्याला बिडी पेटवून देत होता. तेवढ्यात ती म्हातारी तिथे आली. महिषासुराच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "दमला का रे?" नातू होता तो तिचा. मुखवट्याआड कोण आहे हे तिला संध्याकाळपासून ठाऊक होतं. तरी हात थरथरले.

तुम्ही मराठीच्या बाई आहात, म्हणून हे तुमच्याच अंगणात टाकते. सोंग-ढोंग असं आपण एका दमात बोलून जातो. पण सोंग सांगून आणलं जातं, चव्हाट्यावर, टेंभे लावून. ढोंग लपवावं लागतं. त्या दिवशी अकरावीच्या वर्गात झालं ते दुसरं.

नाटकाचा दाखला तुम्ही पत्रात दिलाच आहे. कालिदास कलामंदिरात नाटक बघून डोळे पुसते तेव्हा कुणी हसत नाही, म्हणता. खरं आहे, पण ही तुलना अर्ध्या वाटेतच दम सोडते. नाटकात मेलेला नट पडदा पडल्यावर धूळ झटकून उठतो. इथलं पडणं मात्र खरंच पडणं असतं. वीस फूट लांब, वीस फूट रुंद रिंग, पोलादी सांगाड्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास, संपलं. शिकायला आलेल्याला आधी पडायलाच शिकवतात. हनुवटी छातीला, पाठ सपाट, दोन्ही हात एकदम खाली आपटायचे, म्हणजे मार एका जागी बसत नाही. निकाल लिहिलेला असतो, पण त्याने पाठीला काही सूट मिळत नाही.

पुढच्या मंगळवारी एक करा. सुप्लेक्स, म्हणजे समोरच्याला उलटा उचलून पाठीवर आपटायचा डाव, लागला की उचलणाऱ्याकडे बघू नका, ज्याला उचलतात त्याच्या पायांकडे बघा. तो हलकीशी उडी मारतो. शंभर-सव्वाशे किलोचा गडी नुसत्या दंडाच्या जोरावर तसा हवेत उभा धरणं सोपं नाही. वर जाणाऱ्याने साथ द्यावी लागते. आणि एकदा पाय वर, डोकं खाली झालं की त्याची मान पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात. चेहऱ्यावर खुन्नस, तोंडाने शिव्या, आणि हात मात्र समोरच्याची मान सांभाळतायत. मला स्वतःला यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. तुम्हालाही तेच आवडत असावं असा माझा अंदाज, कारण पत्रात तुम्ही कुणी कुणाला किती बदडलं यावर एक ओळ लिहिलेली नाही. कोण कुणासाठी धावून आला यावरच दीड पान आहे.

कधी कधी ठरलेल्यातही न ठरलेलं घुसतं. २८ जून १९९८, पिट्सबर्ग. सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून अंडरटेकरने मिक फोलीला खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं. ते दोघांचं ठरलेलं होतं. फोली पुन्हा वर चढला, छताची जाळी निसटली आणि तो थेट रिंगमध्ये येऊन आदळला. हे ठरलेलं नव्हतं. त्याचा तुटलेला दात नाकपुडीत सापडला, आणि लढत त्यानंतरही चालू राहिली. दाताचं मी मुद्दाम सांगतेय. तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात केबल आली त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाने पलंगावरून माझ्यावर उडी घेतली होती. माझा पुढचा दात आजही अर्धाच आहे. त्यानंतर आईने त्याचे ट्रम्प कार्डचे पत्ते जप्त करून डाळीच्या डब्यात लपवले. छाती, दंड, उंची, वजन, रँक, सगळं तुरीच्या डाळीत. तुमच्या पिढीतल्या आणि त्याखालच्या किती घरांत हे झालं असेल! घरी करून बघू नका ही सूचना पडद्यावर यायची तेव्हा भाऊ पलंगावर चढलेलाच असायचा.

आता तुमच्या पत्रातली जी ओळ मी दोनदा वाचली तिच्याकडे येते. ७ एप्रिल २०१४, सोमवारची सकाळ. मुलाची परीक्षा. अंडरटेकर रेसलमेनियात, म्हणजे या मंडळींच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, २१ वेळा उतरलेला आणि २१ वेळा जिंकलेला, आणि ब्रॉक लेस्नरने त्याला खाली दाबून तीन मोजून घेतले. स्टेडियम गप्प झालं. फलकावर २१-१ असं आलं. खाली व्हॅन हॉर्न देत होती आणि तुमचा तेरा वर्षांचा मुलगा दप्तर उचलायला तयार नव्हता. तुम्ही त्याला रिक्षाने शाळेत सोडलंत, "अगं, ते सगळं लिहिलेलं असतं" अशी तोच तुमची समजूत घालत होता, आणि परतीच्या रिक्षात तुम्ही एकट्याच रडलात.

बाई, याला लाज वाटण्यासारखं काय आहे? निकाल लिहिणारा कुणीतरी होता हे खरं. पण वीसेक वर्षं खांद्याला खांदा लावून जपलेली एक गोष्ट त्या सकाळी मोडली. ती जपणाऱ्यांत तुम्ही दोघंही होतात.

मुलाच्या "अजून बघतेस?"चं फार मनावर घेऊ नका. त्याच्यासाठी सुरू झालं म्हणून त्याच्याबरोबर संपावं असा काही करार होता का? पोहेही तुम्ही त्याच्या डब्यासाठीच रोज करायला लागला असाल. तो बंगळुरूला गेला म्हणून तुमच्या घरचे पोहे बंद झाले?

सगळंच माफ असं मात्र मी म्हणणार नाही. तुम्हाला अपराधी वाटतंय, पण चुकीच्या खात्यात. वाटून घ्यायचंच असेल तर योग्य जागा दाखवते. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट नावाचा गडी स्टेडियमच्या छतावरून दोरीने खाली उतरत होता, मधेच सुटला, पडला आणि गेला. आणि त्या रात्री कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. मी तो भाग आजवर बघितलेला नाही, बघणारही नाही. डोक्यावर खुर्ची घालण्याला कंपनीने बंदी आणली ती २०१० साली, तोवर कितीजणांच्या डोक्यांवर खुर्च्या वाजून गेल्या होत्या. हे गडी कंपनीचे नोकर नव्हेत, कंत्राटी. बायकांच्या लढती कितीतरी वर्षं दोन-तीन मिनिटांच्या आणि कपड्यांवर डोळा ठेवून लावल्या जायच्या, तुम्हीही मुलाच्या शेजारी बसून तेव्हा रिमोट शोधला असेलच. रेसलमेनियातली शेवटची, मानाची लढत बायकांना मिळायला २०१९ उजाडावं लागलं. ही कंपनी वाढवणारा विन्स मॅकमहन जानेवारी २०२४ मध्ये लैंगिक अत्याचाराचा दावा दाखल झाल्यावर पायउतार झाला, आरोप त्याने नाकारले आहेत. बघणाऱ्याने हे माहीत ठेवून बघावं. आवडतं म्हणून डोळे मिटायचे नाहीत, आणि डोळे उघडे ठेवले म्हणून टीव्ही बंद करावाच लागतो असंही नाही. मी तरी केलेला नाही.

नवरोबांसाठी जागा फार खर्च करत नाही. रात्री नऊच्या चर्चेत चार जण एकमेकांवर ओरडतात ते ते आवाज वाढवून बघतात, असं तुम्हीच लिहिलंय. निवडणुकीत दोन मित्रपक्ष समोरासमोर उभे राहिले की वर्तमानपत्रं त्याला 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणतात. नुरा या शब्दाची खरी गरज त्या वेळेला आहे, एवढं त्यांना माझ्या नावाने सांगा.

आता करायचं काय. त्या मुलाला एखाद्या दिवशी तास संपल्यावर थांबवा आणि सांगा, "फोन माझाच आहे." एवढंच. वर्गापुढे निवेदन वगैरे नको, अकरावीच्या पोरांना निवेदनांचा कंटाळा असतो. तो काहीतरी विचारेल, बहुतेक तुमचा आवडता कोण ते. खरं सांगा. जॉन सीना असेल तरी सांगा. जमलंच तर सोंग आणि ढोंग यातला फरक त्याला विचारा. गाईडातलं उत्तर येणार नाही याची मी हमी देते.

आणि सासरे. त्यांच्याबद्दल मला एक शंका आहे. मंगळवारी पहाटे साडेपाचला ते पेपर उघडून बसतात असं तुम्ही लिहिलंय. गंगापूर रोडला साडेपाचला पेपर येतो? माझ्याकडे पावणेसातच्या आत कधी आलेला मला आठवत नाही. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की हाच कार्यक्रम आपल्याकडे साडेसहाला लागतो, तेव्हा पेपरचा बहाणा निदान थोडा तरी चालून जाईल. पण उन्हाळ्यात? म्हणजे म्हातारबुवा दर मंगळवारी सोमवारचा पेपर वाचतात. आणि आवाज बंद असताना, पेपरातून डोकं वर न काढता, ही नुरा आहे हे त्यांना कळतं कसं?

बाई, ते बघतायत. दोन वर्षं, चार वर्षं, देव जाणे केव्हापासून.

येत्या मंगळवारी दोन कप चहा टाका आणि त्यांची खुर्ची कोपऱ्यातून टीव्हीसमोर आणा. आवाज सुरू करा, नवरा उठला तर उठू दे. विषय काढायला दारासिंग पुरेसा आहे. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममधल्या किंगकाँग नावाच्या पैलवानाबरोबरच्या फ्री-स्टाइल कुस्त्या याच जातीच्या होत्या, आणि २९ मे १९६८ ला दारासिंगने मुंबईत अमेरिकन पैलवान लू थेझला हरवलं तेव्हा तुमचे सासरे बाविशी-तेविशीत असणार. त्या दिवशी ते कुठे होते ते विचारा. पुढे तोच दारासिंग टीव्हीवर हनुमान झाला तेव्हा घरोघर लोकांनी पडद्याला हात जोडले, त्यांना कुणी नुराचा हिशेब विचारला नाही.

मातीतलं बोलायचं असेल तर जानेवारी २०२० काढा. नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर बालेवाडीत शैलेश शेळकेला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. दोघं काका पवारांच्या एकाच तालमीतले, रोज एकमेकांच्या अंगावर घाम गाळलेले. ती कुस्ती शंभर टक्के खरी होती, आणि जिंकल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. सासऱ्यांना हे ठाऊक असणारच. त्यावर ते बोलायला लागले की मधे बोलू नका, सुप्लेक्स गेला तरी चालेल. रिंगमधल्या एखाद्या डावाला ते त्यांच्या बोलीतलं नाव देतील, ढाक म्हणतील, कलाजंग म्हणतील, ते मात्र लिहून ठेवा.

आणि चहा संपत आला की हळूच एक विचारा: आबा, सिन्नर-निफाडकडच्या इतक्या मैदानांत उतरलात, तुम्ही स्वतः कधी नुरा धरलीत का?

लगेच उत्तर येणार नाही. पेपर पुन्हा उघडला जाईल. थांबा थोडं. आलं तर मला कळवा, नाव छापणार नाही.